गिरणीवरचे शुक्रवार

आमच्या घरात देवाच्या नावापेक्षाही जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द म्हणजे "कशावर?" डबा डोक्यावरून खाली ठेवायच्या आधीच बायका विचारायच्या, "आता कशावर चाललंय हो?" म्हणजे दगडात या क्षणी काय दळतंय. गव्हावर गहू चालतो. ज्वारीवर गहू पडला तर पोळी चिरते आणि ती बाई दुसऱ्या दिवशी पोळी हातात घेऊन भांडायला येते. बाजरीवर तांदूळ टाकला तर भाकरी मातकट. बेसनावर तर कुणाला दळूनच नको असतं. आणि उपासाची भाजणी असली की आप्पा, म्हणजे माझे वडील, आधी घरची मूठभर वरी फिरवून दगड साफ करून घेणार, मगच ती घालणार, नाहीतर त्या बाईची एकादशी आमच्या माथी. डब्यांची रांग लागायची ती आलेल्या क्रमानं नाही, तर धान्याच्या क्रमानं. नवीन बिल्डिंगीत राहायला आलेल्या बायकांना हे कळायचं नाही. "मी आधी आले, माझा डबा मागे का?" म्हणून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मी त्यांना समजावून सांगायची, तेही ओरडून, कारण गिरणी चालू असताना दुसरा मार्गच नव्हता.

उमेळ्याच्या रस्त्यावर एका बिल्डिंगीच्या तळाशी आमचा गाळा होता आणि गाळ्याच्या मागे एक खोली. पुढे धंदा, मागे संसार, मध्ये एक दार. ते दार कितीही घट्ट लावलं तरी पीठ आत यायचंच. उशीवर पीठ, दप्तरावर पीठ, पाण्याच्या तांब्यावर झाकण ठेवलं तर झाकणावर पीठ. आणि दिवसभर तो आवाज. शेजारणी म्हणायच्या, "सवय होते गं." सवय कसली डोंबलाची! बोलणंच सुटतं. आमचा सगळा कारभार खुणांवर चालायचा. आप्पांनी अंगठा ओठाला लावला की पाणी, हवेत बशी धरल्यासारखं केलं की चहा, आणि कपाळावर हात मारून दाराकडे मान हलवली की समजायचं, तांदळाची कणी बारीक करून हवी असलेली ती कटकटी बाई परत आली आहे.

दगडाच्या घशात प्रत्येक दळणाचं थोडं थोडं अडकून राहतं. दिवसाच्या शेवटी आप्पा ते झाडून काढायचे, आणि आमची भाकरी त्याचीच. गहू, ज्वारी, तांदूळ, नाचणी, कुणाच्या तरी डाळीची चिमूट. आम्ही घरात त्या पिठाला "पंचायत" म्हणायचो. थापायला महा अवघड, पण चव अशी की अजून विसरले नाही. हल्ली पुण्याच्या दुकानात 'मल्टिग्रेन' म्हणून सोन्याच्या भावानं मिळतं ना, ते. मी एकदा आणलं आणि डबा उघडून वास घेतला. कसलं काय, त्याला वासच नव्हता.

खोलीत राहायला मी आणि आप्पा, दोघंच. आई आणि धाकटा नंदू साताऱ्याकडे गावी. गिरणी सुरू केली तेव्हा आम्ही चौघं होतो. आप्पा वालीवला एका कारखान्यात लेथवर होते, ते काम सोडून त्यांनी हा गाळा घेतला, स्वतःचं काहीतरी हवं म्हणून. पहिल्याच हिवाळ्यात नंदूची छाती वाजायला लागली. पोरगं अंथरुणात उठून बसायचं, खांदे वर-खाली व्हायचे, डोळे मोठे. डॉक्टर म्हणाले, "याला पिठापासून लांब ठेवा, नाहीतर मी काही करू शकत नाही." पिठापासून लांब! गिरणीवाल्याचा मुलगा! आईनं दोन पिशव्या भरल्या आणि नंदूला घेऊन गेली. माझी शाळा होती, आप्पांना भाकरी लागत होती, म्हणून मी राहिले. तेव्हा सगळे म्हणाले, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

कारण तोडगा डोळ्यांसमोर होता. जवळच्याच गिरीज गावच्या फिलोमिना मावशी आमच्याकडे तांदूळ दळायला यायच्या. त्यांच्या वाडीत केळीच्या बागेला लागून एक कौलारू खोली रिकामी होती. पुढे अंगण, विहीर, वाऱ्याला कसलीही आडकाठी नाही. मावशींनी आप्पांना स्वतःहून सांगितलं होतं, "पोराला आणा रे इथं. केळीच्या हवेत छाती मोकळी होईल त्याची. डिपॉझिट जमेल तेव्हा द्या, पण द्या मात्र, माझा नवरा त्या बाबतीत ऐकायचा नाही." म्हणजे डिपॉझिट जमलं की खोली, खोली मिळाली की आई आणि नंदू परत. इतकं साधं गणित होतं. मी शाळेतून येताना मुद्दाम गिरीजवरून वळसा घालून यायची आणि त्या खोलीच्या बंद खिडकीकडे बघायची. आईची चूल कुठे मांडायची, नंदूची खाट कुठे, सगळं माझं ठरलेलं होतं.

तोवर माझ्या वाट्याला शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळी वीज जायची ती कलत्या उन्हाला यायची. आसपासचे कारखाने बंद, आमची गिरणी बंद. पट्टा सुटल्यासारखा तो आवाज खाली खाली येत थांबायचा, आणि मग कावळे ऐकू यायचे, समोरच्या नळावरची भांडणं ऐकू यायची. आप्पा अंघोळ करायचे. भुवयांवरचं, कानांतलं पीठ निघालं की आतून एक काळाभोर, तरणा माणूस बाहेर यायचा. मला दर वेळी नव्यानं वाटायचं, अरे, हे आपले वडील! पहिली काही वाक्यं ते सवयीनं मोठ्यानं बोलायचे, मग हसायचे आणि आवाज उतरवायचे. त्या दिवशी पिठलं तेच करायचे, लसूण ठेचून, वर कच्चं तेल. आम्ही दारात बसून जेवायचो. ते मला गावच्या गोष्टी सांगायचे, आईला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा चहाऐवजी ताकच कसं मिळालं ते सांगायचे, आणि माझं शाळेतलं सगळं ऐकून घ्यायचे. आठवड्याचं साठलेलं मी एका दमात ओकायची. "आगं, श्वास घे की मधी," म्हणायचे. लोक विजेच्या नावानं बोटं मोडायचे. मी मात्र गुरुवारी झोपताना देवाला हात जोडून म्हणायची, उद्या वीज जाऊ दे रे बाबा.

शेजारच्या गाळ्यात मोहनकाकांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी शिजायचं. एके दिवशी ते आप्पांना म्हणाले, "अहो, एका पायावर किती दिवस उभे राहणार? बाजारात तयार पिठाच्या पिशव्या आल्यात. उद्या या बिल्डिंगीतल्या बायका डबा घेऊन येणारच नाहीत. चार गोष्टी करा. एक बसली तर दुसरी चालेल." परवा नंदूचा मुलगा मला फोनवर कुणाचं तरी भाषण ऐकवत होता. उत्पन्नाचे मार्ग कसे वाढवावेत, एकावर कसं विसंबू नये. मी म्हटलं, बाळा, हे सगळं तुझ्या आजोबांनी करून झालंय, त्यात प्रत्येक मार्ग कुठून जातो ते मला विचार. तो हसला. त्याला वाटलं, आत्या नेहमीप्रमाणे तिरकं बोलतेय.

आमच्याकडे प्रत्येक मार्ग मागच्या खोलीतून गेला. आधी भाजणी आली. थालीपिठाची भाजणी भाजायची मी, शाळेतून आल्यावर, आमच्याच स्टोव्हवर. मग इडली-डोशाचं ओलं पीठ आलं, त्याची पातेली ओट्यावर, त्यामुळे स्वयंपाक जमिनीवर. मग नाणी टाकायचा फोन आला, तो खिडकीपाशी बसवला, जिथे मी अभ्यासाला बसायची. गिऱ्हाईक सरळ माझ्या डोक्यावर उभं राहून बोलायचं. वालीवच्या कारखान्यांतली माणसं यायची, एका कानात बोट घालून घरी ओरडायची. "अम्मा को बुलाओ! अम्मा को!" कुणी रडायचं, कुणी पोराला पाढे म्हणायला लावायचं. सगळ्या जगाची घरं माझ्या वहीच्या वर बोलत असायची. आणि माझं घर? गावात फोन फक्त वाण्याच्या दुकानात. तिथे सांगायचं, मग कुणीतरी आमच्या वस्तीवर जाणार, मग आई धावत येणार, मग आपण परत फोन लावायचा. आई फोनवर यायची ती धापा टाकतच. "जेवलीस का?" एवढं विचारून होईपर्यंत नाणं संपायचं. आप्पांना मी रिसीव्हर द्यायला गेले तर ते हात हलवायचे, "तूच बोल, मला न्हाई समजत त्यात." मला राग यायचा. बायकोशी दोन शब्द बोलायला काय होतं या माणसाला?

मागच्या पडवीला पत्रा टाकून मिरची कांडायचं यंत्र आलं. आणि सगळ्यांत शेवटी इंजिन.

ती कल्पनाही मोहनकाकांचीच. जुनं डिझेलचं इंजिन मिळतंय, शुक्रवारी सगळं मार्केट अंधारात असतं, तुमची गिरणी त्यावर चालेल, वरून आजूबाजूच्या दुकानांना बल्ब-पंख्याच्या लायनी द्या, महिन्याचं भाडं घरबसल्या. आप्पांचे डोळे चमकले ते मी पाहिलं. पैसा कुठून येणार तेही मला तेव्हाच कळलं, कारण घरात दुसरा पैसाच नव्हता.

"आप्पा, ते खोलीचे आहेत," मी म्हटलं.

"खोली कुठं पळून जाती का? उलट लवकर हुईल. शुक्रवार वाया चाललाय आपला, आख्खा दिवस!"

वाया! मी तिथेच रडायला लागले. आप्पा भांबावले. त्यांना वाटलं, मला आईची आठवण आली. ती तर होतीच, पण मला म्हणायचं होतं की हा एकच दिवस आहे माझ्याकडे, तो तरी विकू नका. माझ्या आजीची एक म्हण होती, एक ना धड भाराभर चिंध्या. तेवढीच तोंडातून गेली. आप्पा चिडले नाहीत. माझ्या डोक्यावर पिठाचा हात ठेवून म्हणाले, "चिंध्यांचीच गोधडी हुती, शालू. तुझ्या आईलाच घालायची हाय." इंजिन आलं आणि शुक्रवारही इतर दिवसांसारखा झाला. उलट जास्तच वाईट, कारण त्याचा आवाज गिरणीच्या वर होता.

मे महिन्यात आई आणि नंदू आठ दिवसांसाठी येणार ठरलं. पत्र आल्यापासून आप्पा हवेत होते. त्यांना आईला सगळं दाखवायचं होतं: हा फोन, हे कांडप, हे इंजिन, आता बघ, दिवाळीच्या आत खोली. नंदूला त्रास नको म्हणून त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. गिरणी बंद ठेवली. बाहेर पाटी लावली. भिंती धुतल्या, चुना दिला, दाराला ओलं गोणपाट टांगलं, कोनाकोपऱ्यातलं पीठ ओल्या फडक्यानं टिपलं. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या फरशीचा खरा रंग पाहिला. डॉक्टर पीठ म्हणाले होते ना, मग पिठाचा कण घरात ठेवायचा नाही, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात होतं.

पण मे महिना म्हणजे मसाल्याचा. बायका वर्षभराचा मसाला कुटायला आणतात, उन्हात कडकडीत झालेल्या, भाजलेल्या मिरच्यांच्या गोण्या. गिरणी बंद ठेवल्याचं नुकसान कांडपातून भरून काढू, असा आप्पांचा हिशोब. कांडप मागच्या पडवीत, मध्ये दार, आणि तिथे पीठ नाही! त्यांना खरंच वाटलं की मिरची वेगळी आणि पीठ वेगळं.

आई आली. गावाकडून कुरडया, शेंगदाण्याचे लाडू, माझ्यासाठी परकराचं कापड. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." मी तिच्या पदरात तोंड खुपसलं, तो वास छातीत भरून घेतला. नंदू केवढा मोठा झाला होता! लाजत होता माझ्याशी. थोड्या वेळानं फोनपाशी जाऊन सगळी बटणं दाबून बघायला लागला. आमचे ते दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी शुक्रवार उजाडला. सकाळी वीज गेली, आप्पांनी इंजिन लावलं, पडवीत कांडप सुरू झालं, तांबडी धूळ आणि डिझेलचा धूर दाराच्या फटीतून आत आला. आमच्या सवयीच्या नाकांना काही कळलं नाही. नंदू एकदम उठून बसला. खांदे वर-खाली. डोळे मोठे. ओठ निळे पडायला लागले.

आई ओरडली असेल. मला आठवतं ते तिचं उघडं तोंड; ऐकू काहीच येत नव्हतं. आप्पा पडवीत पाठमोरे, मिरची सारत. मी धावत जाऊन त्यांचा सदरा ओढला. त्यांनी वळून माझं तोंड पाहिलं आणि सगळं तसंच टाकून धावले. नंदूला खांद्यावर घेऊन रिक्षा, दवाखाना, सुई, नळी. संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास सुरळीत झाला तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायरीवर आई आप्पांना फक्त एवढंच म्हणाली, अगदी हळू, "पिठापास्नं लांब ठिवा म्हनलं, तर तुम्ही तिखट घिऊन बसला." आप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या भुवया त्या दिवशी लाल होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती दोघं परत गेली. आई मला म्हणाली, "चल माझ्यासंगं." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पर न्हाई, तुझी दहावी हाय." मग तीच आप्पांकडे बघून म्हणाली, "आणि यांचं कोन बघंल?" विचारलं तिनं, उत्तरही तिनंच दिलं. एसटी निघाली, नंदूनं खिडकीतून हात केला. घरी येऊन मी स्वच्छ फरशीवर बसले. एवढं रिकामं घर मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर आप्पांनी पाटी काढली, आणि पुन्हा पीठ उडायला लागलं. त्या पावसाळ्यात फिलोमिना मावशींनी ती खोली दुसऱ्या कुणाला तरी दिली. त्यांचा दोष नव्हता. पुढच्या नाताळाला तांदूळ दळायला आल्या तेव्हा माझ्या हातावर चार केळी ठेवून म्हणाल्या, "वाट पाहिली गं बाय."

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. इंजिन विकलं, निम्म्या भावानं. फोन गेला, मोबाइल आले. मी कॉलेज केलं, नोकरीला लागले. माझ्या आणि आप्पांच्या खुणा इतक्या पक्क्या झाल्या की गिरणी बंद असतानाही आम्ही खुणांनीच बोलायचो. शेवटी जिथे आधी चिकूची वाडी होती तिथल्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या घेतल्या. गिरणीपासून लांब, खिडक्या मोकळ्या. नंदूची छाती वयाबरोबर सुधारली होती, त्याला मिसरूड फुटलं होतं. आई आणि तो कायमचे आले.

पहिल्या संध्याकाळी आईनं नव्या ओट्यावर स्वयंपाक केला. ती किती हळू बोलते हे मी विसरूनच गेले होते. आप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खिडकीपाशी बसले होते, आमच्याकडे पाठ करून. आईनं ताटं वाढली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आवं, ऐकलं का? ताट वाढलंय." आप्पा बाहेरच बघत राहिले. ती पुन्हा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. डोळे भरून आले होते.

"इतकी वर्सं लांब ऱ्हायले म्हनून राग धरलाय गं त्यांनी माझ्यावर."

"आई, राग नाही. त्यांना ऐकू येत नाही."

"कधीपास्नं?"

ते मलाही सांगता येईना. माझ्याशी तर ते ओठ बघून, हात बघून बोलतच होते. आईनं उभ्या जन्मात नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. मग तिनं पदर कमरेला खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि बांधावरून पलीकडच्या शेतात हाक घालावी तशी ओरडली, "आवं! जेवायला या!" नंदूच्या हातातला घास खाली पडला. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

आप्पा दचकून वळले. आईच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

"आगं, ओरडतीस कशाला?" ते म्हणाले. "मी हितंच हाय की."